नारंगी

जुन्या यंत्रात सगळं चपटं दिसायचं,
पोळपाटावर लाटल्यासारखं.
लोखंड निळं, काच नि अ‍ॅल्युमिनियम हिरवट,
आणि जे जे उगवतं, शिजतं, सडतं
ते सगळं नारंगी.
साबण नारंगी. पुरणपोळी नारंगी.
स्फोटकही नारंगीच, ट्रेनिंगला सर म्हणाले होते,
आणि मी वहीत त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

वीस मिनिटं स्क्रीन, मग उठायचं, डोळे धुवायचे.
ओझरच्या विमानतळावर नऊ वर्षं
मी नाशिक असं आतून पाहिलं.
तांब्याला डाख देऊन बंद केलेली गोदावरी पाहिली,
मुलगा हातातल्या बॅगेत घेऊन चालला होता अहमदाबादला.
शंभर मिलीचा नियम सांगताना
मी आवाज किती खाली आणला
ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.
विरळणीची कात्री पाहिली,
मोहाडीच्या बागायतदाराच्या कोटात राहून गेलेली.
"ताई, हे माझं सहावं बोट आहे हो," म्हणाला,
आणि ट्रेमध्ये ठेवून निघून गेला.

आणि खोटी पिस्तुलं.
मी जागी आहे का बघायला
यंत्र मधूनच कुणाच्याही बॅगेत
पिस्तुलाचं चित्र सोडायचं.
एकदा शालूच्या घडीत, एकदा डायपरच्या पुड्यात.
बटण दाबलं की पाटी यायची: शाबास, ही चाचणी होती.
घरी पोराचं दप्तर आवरतानासुद्धा
माझा हात आधी तळाशी जायचा.

मार्चमध्ये नवं यंत्र आलं.
कंपनीने आणलं. म्हणजे जिचा बिल्ला मी लावते
आणि जिचं ऑफिस कधी पाहिलं नाही, ती.
पांढरंशुभ्र, पोटात काहीतरी गरगरणारं.
लॅपटॉप काढू नका, बाटली राहू द्या आतच.
बॅग आता चपटी नाही. बोटाने फिरवा,
पाठमोरी करा, कांद्यासारख्या चकत्या करून बघा.
खरं सांगते, मी हरखलेच.
दिल्लीच्या रांगेत त्या सकाळी कुणी वैतागलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठातले तीन घरी.
इरफान तांबोळी त्यातला एक,
सुकेण्याहून मोटरसायकलवर यायचा,
ट्रेची चळत अशी लावायचा की नजर सरळ व्हावी.
आता ट्रे आपले आपण परत येतात.

चौथ्या दिवशी लाल चौकट.
हे यंत्र ओरडत नाही, नुसती चौकट काढतं.
घनता जुळते म्हणालं, ब्याण्णव टक्के.
मी फिरवलं. चकत्या केल्या. परत फिरवलं.
चार विटा, दाबून भरलेल्या, प्लास्टिकमध्ये.
दिंडोरीची बाई, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली,
पदराचं टोक मुठीत घेऊन उभी.

बेदाणे होते.

कुठल्या देशात शिकलं हे यंत्र कोण जाणे,
त्याला कुणी बेदाणे दाखवले नव्हते.
नियमाने उघडले, पट्टी फिरवली, पुन्हा बांधले.
बाईने चार दाणे पुढे केले. घ्यायचे नसतात.
मी दोन घेतले.

मग स्क्रीनवर प्रश्न: वस्तू काय होती?
खाली यादी. चीज. चॉकलेट. मेणबत्ती. इतर.
मी इतर दाबलं.
मराठी अक्षरं नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत,
एक-एक शोधत,
बेदाणे.

पुढच्या आठवड्यात ते बेदाण्यांना अडलं नाही.
सुपरवायझर म्हणाले, बघा ढिकले मॅडम, शिकतंय.
मी हो म्हटलं.
जूनपासून पाचाचे तीन होणार, अशी कुजबुज आहे.

आज एका पिशवीत तसंच पुडकं आलं.
चौकट नाही. यंत्र गप्प.
बेदाणेच असणार. नारंगी.
तरी मी पट्टा थांबवला,
उठले,
"ही पिशवी कुणाची?"